प्लगवरचं कुंकू

आमच्या घरात खंडेनवमीला लोखंडाची एकही वस्तू कुंकवावाचून सुटत नाही. विळी, कुऱ्हाड, खुरपी, कडबाकुट्टी, दिरांचा ट्रॅक्टर, सासऱ्यांच्या पेटीतले सगळे पाने आणि माझी शिलाई मशीन हे तर ठरलेलंच. एका वर्षी सासूबाईंनी माझ्या नेलकटरलाही बोट लावलं होतं. "लोखंडच हाय की त्ये," म्हणाल्या. त्यामुळं नवमीच्या आदल्या दिवशी मी चार नवे स्पार्क प्लग घरात आणले, तेव्हाच पुढचं मला कळायला हवं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना सांगायच्या गोष्टी मला पाठ आहेत, घरातल्या माणसांचं मात्र मला नेहमी उशिरा कळतं.

आधी गाडीचं सांगते, कारण सगळं रामायण तिच्यापायी घडलं. आमचं गाव मांजरसुंब्यापासून बारा किलोमीटर आत आणि माझी शाळा मांजरसुंब्याच्या पलीकडं. नवरा लातूरला नोकरीला. शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे जायचं. आठ वर्षं मी काळी-पिवळी जीपनं शाळा गाठली. काळी-पिवळीत माणूस बसत नाही, त्याला कोंबतात. माझ्या मांडीवर कुणाची तरी पिशवी, पिशवीत कोंबडी, आणि कोंबडीचं तोंड माझ्या डब्याकडं. मांजरसुंब्याच्या चौकात उतरून पुढची जीप भरेपर्यंत थांबायचं, जीप भरली नाही की शाळेची घंटा चुकायची. मग एक दिवस मी माझ्या पगारातून एक जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी गाडी घेतली. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आजही कोंबडीच्या शेजारी बसले असते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले ट्रॅक्टर मिस्त्री. चाळीस वर्षं हाच धंदा. शिरूर कासारकडूनसुद्धा लोक त्यांना न्यायला यायचे. इंजिनचा आवाज फोनवर ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगायचे, आणि तोच निघायचा. आता वय झालंय, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, पण "मिस्त्री" म्हणून हाक आली की पाठ अजून ताठ होते. मी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरला पाय लावून बघितला आणि निकाल दिला.

"घेतलीस तर घेतलीस. पर तू एकटी जाणार-येणार. रस्त्यात बंद पडली तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं? येकदा जरी दोरी बांधून वढून आणावी लागली, तर त्याच दिशी इकून टाकायची. बोल, हाय कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

माझा स्वभाव हा असा. जीभ आधी पुढं होते, डोकं मागून धावत येतं. पण त्या दिवसापासून माझ्या गाडीवर ती टांगती तलवार होती, आणि घरादाराला ती ठाऊक होती. दीर तर दर महिन्याला मुद्दाम विचारायचे, "वहिनी, दोरी नवी आणू का जुनीच चालंल?" मी हसून घ्यायचे, पण आतून घाबरलेली असायचे. सकाळचा तो अर्धा तास, खिडकी उघडी, रस्त्याच्या कडेला कापसाची बोंडं, आणि गाडीत मी एकटी. कुणाची सून नाही, कुठल्या वर्गाची बाई नाही. तो अर्धा तास जाईल या विचारानं मी गाडीच्या बारीकशा आवाजालाही कान लावून असायचे.

म्हणूनच, गाडी चढावर उचक्या द्यायला लागली तशी मी वाट न बघता बीड गाठलं. तिथं एका स्पेअर पार्टच्या दुकानात एक काका बसतात. त्यांनी गाडीचं नाव ऐकलं, फळीवरून चार खोकी काढली आणि विचारलं, "बसवणार कोण?" मी म्हणाले, "मीच." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला असा काही पाठ दिला की बी.एड.ला कुणी दिला नव्हता.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय हात घालायचा नाही. प्लगच्या भोवतीची माती आधी फुंकून काढायची, नाहीतर प्लग निघाला की ती थेट इंजिनच्या पोटात जाते. एक प्लग काढायचा, एक बसवायचा. वायरींची अदलाबदल झाली की गाडी रुसली. टोकाची फट मापून बघायची, पण ठोकाठोक करायची नाही. हातातून फरशीवर पडलेला प्लग लावायचा नाही, तो आतून तडकलेला असतो आणि बाहेरून हसत असतो. वरच्या पांढऱ्या भागाला तेलाचा, घामाचा, कशाचाही हात लागू द्यायचा नाही. ठिणगी आळशी असते, तिला बाहेरून वाट मिळाली की ती आत जात नाही. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी आवाज खाली आणला.

"आटे बोटांनी धरवायचे ताई. पाना नंतर. बोटांनी तळाला टेकला, की पान्यानं अर्धा फेरा. नव्या प्लगला अर्धा, जुनाच परत लावला तर पाव बी नको. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. दोघांची झटापट झाली तर मरंल कोण?"

"ॲल्युमिनियम."

"मग ध्येनात ठेवा."

मी खोक्यावर "अर्धा फेरा" लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

नवमीला सकाळी मी गाडी पुसून तयार केली आणि प्लग आणायला आत गेले, तर चारही प्लग पूजेच्या ताटात, कुऱ्हाड आणि मोठ्या पान्याच्या मधे, ओळीनं मांडलेले. आत्यांनी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवर हळदीची बोटं ओढून वर कुंकू लावलं होतं. लग्नात मांडवाला आलेल्या पाहुण्यांसारखे चौघं नटून बसले होते.

"आत्या, पांढऱ्यावर नको!"

"मग कुटं लावू? सगळाच तर पांढरा हाय."

"खाली लोखंडाचं षट्कोनी आहे बघा, पाना लागतो ते. तिथं लावा एक टिपका."

"पायाला कुणी कुंकू लावतं का?" त्यांनी विचारलं, आणि या प्रश्नाला विज्ञानात उत्तर नाही.

मी त्यांना समजावलं. ठिणगी वरून आत कशी जाते, पांढरा भाग कशासाठी असतो, कुंकू ओलं असलं तर वीज त्यावरून कशी घसरते. आठवीच्या वर्गाला सांगते तसं, हातवारे करून. मग फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन चारही प्लग लख्ख पुसले आणि लोखंडावर मीच एकेक टिपका दिला. आत्या बघत राहिल्या. "देवाचं कुंकू पुसायलीस," एवढंच म्हणाल्या, आणि गप्प बसल्या. आमच्या घरात आत्यांचं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तरी त्या दिवशी मी ते सोयीनं विसरले.

मग अंगणात माझा कारखाना सुरू झाला. वायरी ओळखायला मी त्यांना माझ्या टिकल्या चिकटवल्या: पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. सायकलच्या पंपानं प्लगभोवतीची माती उडवली. आणि आटे धरवायला काकांनी सुचवलेली युक्ती केली: फवारणीच्या पंपाची वीतभर नळी कापून घेतली, साबणानं तीनदा धुतली आणि प्लगच्या डोक्यावर बसवली. नळी बोटांत फिरवायची. प्लग सरळ गेला तर अलगद उतरत जातो. तिरका धरला तर नळीच घसरते, आटे वाचतात. पहिला प्लग तसा गुपचूप खाली उतरला, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

मामा ओसरीवर बाजेवर बसून बघत होते. आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गावात कुणी मोठ्यानं म्हणत नाही. मामांचा सगळा जन्म डिझेलमध्ये गेला, आणि डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. डिझेल दाबानं पेटतं. ठिणगीचे चोचले पेट्रोलचे. म्हणजे या एका विषयात मामा आणि मी एकाच बाकावर होतो, फक्त मी खोक्यावर लिहून आणलं होतं.

"एवढंच?" ते म्हणाले. "दोन बोटांनी?"

"मग पान्यानं अर्धा फेरा, मामा."

"अर्धा! चाळीस वर्षांत अर्ध्या फेऱ्यावर थांबलेला नट मी बघितला न्हाई. हिसक्यानं निघंल की त्यो. पान्याला पाईप लाव, दांडा लांब झाला की कसा कच्चून बसतोय बघ."

"मामा, हेड ॲल्युमिनियमचं आहे."

"मग काय झालं? धातूच हाय की." त्यांनी तंबाखू मळली. "ढिलं ठेवलंस, सूनबाई. सांगून ठेवतो."

मी ऐकलं नाही. चारही प्लग बसले, वायरी टिकल्यांप्रमाणं लागल्या, किल्ली फिरवली आणि गाडी अशी गुणगुणायला लागली की दिरांनी ट्रॅक्टरवरून मान वळवली. मी गाडी वेशीपर्यंत नेऊन आणली. एकही उचकी नाही. मी उतरले ती तोऱ्यात, हे कबूल करते. घरी कुणालाही बॉनेटला हात लावायचा नाही असं मी बजावलं, आणि ते जरा जास्तच मोठ्या आवाजात बजावलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी मी गल्लीत आपट्याची पानं वाटायला गेले. प्रत्येक घरी बसा, गोड खा, पोराची परीक्षा कशी गेली ते सांगा. परत यायला तास-दीड तास लागला. आले तेव्हा आत्या देवापुढं दिवा लावत होत्या आणि मामा हौदावर हात धूत होते. साबण लावून, कोपरापर्यंत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सणाचा दिवस आहे, माणूस हात धुणारच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा होती. मामांना बीडला डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं होतं. मी त्यांना मांजरसुंब्याला सोडणार आणि तिथून ते एसटीनं पुढं जाणार असं ठरलं. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, पण अंग थरथरल्यासारखी. मी म्हटलं, दोन दिवस उभी होती, होईल नीट. सपाटीला ठीक चालली. मांजरसुंब्याच्या अलीकडं चढ लागला तशी उचकी सुरू झाली, आधी एक, मग दोन, मग मोजता येईनात. मी पायाखालचा दाब वाढवला, तशी ती आणखीच अडखळली.

"मामा, परवा तर नीट होती हो."

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. एरवी इंजिनाला शिंक आली तरी त्यांचा कान टवकारतो. त्या दिवशी त्यांना रानातली तूर फार आवडायला लागली होती.

आणि चढ संपता संपता बॉनेटखाली बार उडाला. माझ्या हातून स्टिअरिंग सुटायचंच बाकी होतं. त्यापाठोपाठ फट् फट् फट् असा आवाज, जुन्या इंजिन-पंपाचा असतो तसा, रस्त्यावरची माणसं वळून बघतील असा. तीन पायांच्या कुत्र्यासारखी गाडी कशीबशी पहिल्या ढाब्यापर्यंत आली आणि तिथं मी ती बंद केली.

बॉनेट उघडलं. तीन टिकल्यांची वायर वर उचलली गेली होती आणि तिच्या रबरी टोपीत तिसरा प्लग लोंबकळत होता. इंजिनानं त्याला बाहेर थुंकलं होतं. मी तो हातात घेतला, तर त्याच्या आट्यांत चकचकीत चंदेरी शेव भरलेली. ते माझ्या हेडचं ॲल्युमिनियम होतं. प्लगच्या जागी भोक, आणि भोकाच्या कडेला आट्यांचा मागमूस नाही.

मी दुसरी टोपी काढली. आत पांढऱ्या चिनी मातीवर, मी परवा लख्ख पुसलेल्या चिनी मातीवर, हळदीचं बोट आणि कुंकवाचा ठसठशीत टिळा. आणि टिळ्यातून खालपर्यंत गेलेली बारीक काळी रेघ, ठिणगी घसरून गेलेली. पहिला प्लग तसाच, चौथाही तसाच. पुसलेलं कुंकू परत आलं होतं.

"मामा," मी म्हणाले, "हे कुणी केलं?"

मामा गाडीतून उतरले होते. त्यांनी धोतराचा सोगा उगाच सारखा केला.

"तुझी आत्या म्हणली, पुसलेलं कुंकू बरं नसतं. सूनबाई रोज एकटी जाती, तिच्या गाडीचं कुंकू पुसलेलं ऱ्हायलं तर माझ्या जिवाला घोर लागंल. तू सोनं वाटाया गेलतीस. म्हणलं, काढू अन् लावून देऊ."

"आणि?"

"अन् काढले तर कळलं, ढिलेच हायेत. मग कसून दिले."

"पाईप लावून?"

त्यांनी मान हलवली.

"बोटांनी धरवले होते का आधी?"

"नळी सापडली न्हाई. अन् खालचं तितकं दिसत बी न्हाई आता. पान्यावरच धरले."

इथं मला राग आवरायला हवा होता. दोघांनी केलं ते माझ्या काळजीपोटी केलं, हे ऐकता ऐकताच मला कळत होतं. पण डोळ्यापुढं दोरी दिसत होती, आणि दोरीच्या मागं कोंबडी. माझा आवाज चढला तो चढलाच.

"हा ट्रॅक्टर नाही, मामा! चाळीस वर्षं हातोडे मारले म्हणून सगळंच येतं असं नसतं! येत नाही तर हात कशाला लावायचा? मी सांगितलं होतं ना, लावू नका म्हणून?"

ढाब्यावर बाजांवर बसलेली माणसं चहा पिता पिता थांबली. एक ट्रकवाला हसला. दुसरा त्याला म्हणाला, "सासरा हाय का बे त्यो?" मामांनी इकडं तिकडं पाहिलं आणि एका रिकाम्या बाजेच्या कडेवर जाऊन बसले. पाठ ताठ नव्हती.

बोललेलं परत गिळता येत नाही. मी वळून गाडीकडं गेले आणि उगाच बॉनेटात डोकं घालून उभी राहिले. जो ट्रकवाला हसला होता तोच मदतीला आला; नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेप आट्यांवर गुंडाळून प्लग ठोकून बसवा, असं त्याचं म्हणणं पडलं. ढाबेवाल्याचं मत नळवाले लावतात त्या सुतळी आणि शेंदराचं होतं. मी दोघांचे आभार मानले. नव्या आट्यांवाचून तो प्लग इंजिनाच्या चार फेऱ्यांतच पुन्हा उडाला असता, आणि या वेळी कुणाच्या कपाळात बसला असता. शेवटी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि दिरांना फोन लावला.

दीर येईपर्यंत आम्ही दोघं दोन बाजांवर बसलो. चहा आला. मामांनी कपाला हात लावला नाही. मला एकदा वाटलं, उठून जावं आणि म्हणावं, चुकलं माझं. मग वाटलं, चुकलं कुणाचं? मी बरोबर होते, शंभर टक्के बरोबर होते, आणि तरी मी जागची उठले नाही.

दीर ट्रॅक्टर घेऊन आले ते दात काढतच आले.

"वहिनी, जुनीच आणली दोरी." मग वडिलांकडं वळले. "अण्णा, तुमचा शबुद ध्येनात हाय ना? गिऱ्हाईक मी बघतो."

"गप, बे. बांध," मामा म्हणाले.

एवढंच. चूक कुणाची, पाईप कुणी लावला, एक अक्षर नाही. बीडला जायचंही त्यांनी रद्द केलं. मी मनात म्हणाले, बरोबर आहे, आता हे गप्प बसणार. आत्या गप्प, मामा गप्प, आणि माझी गाडी जाणार. मीही बोलले नाही. चारचौघांत एकदा त्यांना बोलले होते, दुसऱ्यांदा तोंड उघडायची हिंमत नव्हती. ठरवलं, घरी गेल्यावर बोलायचं, आणि बारा किलोमीटर त्या भाषणाची तयारी करत बसले. सुरुवात शांतपणे करायची होती. मधे ॲल्युमिनियम येणार होतं. शेवटी रडायचं नव्हतं.

मला वाटलं होतं, मामा ट्रॅक्टरवर बसतील. ते माझ्या शेजारी येऊन बसले. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखा लागतो. पुढं दोरी, दोरीच्या पुढं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर शीळ घालणारे दीर. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण थांबून बघत होता. मामा सरळ समोर बघत बसले होते, मांडीवर दोन्ही हात ठेवून. नखांत अजून थोडं कुंकू होतं. साबणानं निघालं नव्हतं.

गावात शिरताना पिठाच्या गिरणीपुढं नेहमीची पाच-सहा माणसं बसलेली. त्यातल्या एकाचा ट्रॅक्टर मामांनी उभ्या जन्मात किती वेळा उघडला असेल देव जाणे. तोच उठून पुढं आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"काय मिस्त्री! सांगितलं व्हतं का न्हाई? बाईच्या हातात गाडी दिली की दोरी आलीच!"

सगळे हसले. दीरही ट्रॅक्टरवरून हसले. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. आता मामांनी नुसतं हसून मान हलवली असती तरी पुरलं असतं. सकाळी ढाब्यावर मी त्यांना जे बोलले, त्याची परतफेड करायला त्यांना काहीच करावं लागणार नव्हतं.

"हारन दे," मामा मला म्हणाले.

मी हॉर्न दिला. दिरांनी मागं बघून ट्रॅक्टर थांबवला. मामा दार उघडून खाली उतरले, गाडीच्या टपावर एक हात टेकवून उभे राहिले, आणि चाळीस वर्षं ज्या आवाजात ते इंजिन बंद करायला सांगायचे त्या आवाजात बोलले.

"गाडी हिच्या हातात व्हती तवर बराबर व्हती. मपल्या हातात आली अन् गेली. प्लग हिनं बसवलेते, मी हिला न सांगता उचकटले. पाईप लावला अन् हेडाचे आटे खाल्ले. पेट्रोलचं इंजिन मला येत न्हाई. कवाच येत नव्हतं."

गिरणी चालू होती, तेवढाच आवाज.

"उद्या हेड खोलून बीडला न्यायचं, नवे आटे बसवून घ्यायचे. प्लग हीच बसवंल. मी नुसती उजेडाला बॅटरी धरंन. अन् गाडी इकायची न्हाई. कुणी इच्यारलं तर सांगा, मिस्त्रीचा शबुद व्हता, मिस्त्रीनंच मोडला."

समोरचा माणूस मागं सरून आपल्या जागी जाऊन बसला. दिरांनी शीळ घालायची थांबवली. मामा परत गाडीत येऊन बसले, दार एकदा नीट लागलं नाही म्हणून दुसऱ्यांदा ओढलं. माझं बारा किलोमीटरचं भाषण तिथंच विरघळलं. मला म्हणायचं होतं, मामा, सकाळी मी फार बोलले. ते म्हणायच्या आत दिरांनी ट्रॅक्टर सुरू केला.

ट्रॅक्टरनं हिसका दिला, दोरी ताणली, गाडी जागची हलेना. दिरांनी आणखी जोर दिला, तरी हलेना.

"सूनबाई," मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "ब्रेकवरचा पाय काढ."

मी पाय काढला. गाडी घराकडं निघाली, आणि दार येईपर्यंत मला समोरचं धड काही दिसत नव्हतं. वळणावर मामांनीच हात पुढं करून स्टिअरिंग धरलं, अगदी हलक्या हातानं.